अठरा सभासदांची तातडीची सभा

"अहो, गोल वीस मिनिटांचा असला तरी तयारी दोन तासांची असते," असं बाई म्हणाल्या आणि भाऊसाहेबांना हसू आलं. ते हसू त्यांनी चहाच्या कपात दडवायला हवं होतं. तेहतीस वर्षं संसार केलेल्या माणसाला एवढी अक्कल असायला हरकत नव्हती. पण निवृत्त माणसाचं हसू आणि निवृत्त माणसाचा सल्ला, दोन्ही आवरणं त्याच्या हातात राहत नाही.

भाऊसाहेब बस डेपोच्या वेळापत्रक विभागात होते. तीनशे चाळीस गाड्यांपैकी कोणती किती वाजता सुटेल, हे ते ठरवत. प्रत्यक्षात ती किती वाजता सुटे, हा ड्रायव्हरचा प्रश्न. दुसऱ्याच्या कामात भाऊसाहेबांनी कधी ढवळाढवळ केली नाही. बाई म्हणजे त्यांची बायको. सगळी इमारतच त्यांना बाई म्हणे, कारण तळमजल्यावरच्या हॉलमध्ये त्या शिशुवर्ग चालवत. तीन ते पाच वर्षांची अठरा मुलं. सकाळी नऊला ती गोल करून बसत. मग गप्पा, गाणं, गोष्ट. या गोलाची तयारी बाई रोज संध्याकाळी करत. चित्रं कापत, वहीत लिहीत, लिहिलेलं खोडत, आणि मध्येच उठून दोन्ही हात पंखांसारखे हलवून बघत.

"अठरा पोरांना वीस मिनिटं बसवायचं, त्याला नियोजन कसलं?" भाऊसाहेब म्हणाले. "मी तीनशे चाळीस बसगाड्या हलवत होतो."

"बसगाड्यांना शू लागत नाही," बाई म्हणाल्या आणि पुन्हा कात्री चालवू लागल्या.

विषय तिथंच संपला असता. पण त्याच आठवड्यात बाईंच्या बहिणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. सोमवार ते गुरुवार बाईंना तिच्याजवळ राहणं भाग होतं. वर्ग चार दिवस बंद ठेवावा, तर गुरुवारी कार्यालयातून पर्यवेक्षिका येणार होत्या. वर्गाची मान्यता पुढे चालू ठेवायची की नाही, ते त्या सकाळचा गोल बघून ठरवणार होत्या. बाईंनी कार्यालयात फोन लावला. तारीख बदलायचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, असं कळलं. "पण तारखेचं पत्रच मला तारखेच्या आठ दिवस आधी आलं," बाई म्हणाल्या. पलीकडचा माणूस हिशेब करून म्हणाला, "म्हणजे अर्जाला आठवडाभर उशीर झालाय तुम्हाला."

बदली शिक्षिका मिळेना. बाईंचा चेहरा उतरला. आणि भाऊसाहेबांच्या तोंडून निघून गेलं, "मी घेतो की गोल!"

बाई आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. मग नवऱ्याकडे, जुनी छत्री या पावसाळ्यात टिकेल का अशा नजरेनं, बराच वेळ बघत राहिल्या. दुसरी छत्री घरात नव्हती.

"माझी वही ठेवून जाऊ?"

"नको. माझं मी बघतो."

"मग एकच करा. मावशींचं ऐका." मावशी म्हणजे वर्गात मदतीला असणाऱ्या. पोरांची नाकं पुसण्यापासून भांडणं मिटवण्यापर्यंतची सगळी खाती त्यांच्याकडे होती.

भाऊसाहेबांनी रविवारी दुपारी वेळापत्रक आखलं. पट्टीनं रेघा मारून, दोन रंगांच्या शाईत. नऊ ते नऊ दोन, स्वागत. नऊ दोन ते नऊ पाच, हवामान. मग चार मिनिटं गाणं, सहा मिनिटं गोष्ट, आणि शेवटची तीन मिनिटं 'आयत्या वेळचे विषय'. उशिरासाठी दोन मिनिटांची सूट नवव्या मिनिटाला टाकावी की अकराव्या, यावर त्यांनी बराच विचार केला. अशी सूट कुठं टाकायची, यात त्यांचा हात धरणारा डेपोत कोणी नव्हता.

सोमवारी बरोबर नऊला ते खुर्चीवर बसले. सतरंजीवर अठरा डोकी. "नमस्कार मुलांनो," ते म्हणाले. वेळापत्रकाप्रमाणे सगळं चाललेलं होतं, आणि ही अवस्था साधारण अकरा सेकंद टिकली.

"तुमच्या कानात केस का आहेत?" समोरून प्रश्न आला.

विचारणारी साडेचार वर्षांची होती. मावशी तिला का-ताई म्हणत, आणि ते नाव का पडलं हे कोणाला विचारावं लागत नसे.

"वय झालं की येतात," भाऊसाहेब म्हणाले.

"डोक्यावरचे का गेले?"

"तेही वय झालं की."

का-ताईनं क्षणभर हिशेब जुळवला. "म्हणजे डोक्यावरचे कानात गेले."

अठरा पोरं उठली. भाऊसाहेबांच्या दोन्ही कानांपाशी रांगा लागल्या. एकतीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांनीसुद्धा त्यांच्या कानात असं डोकावून पाहिलं नव्हतं. ही पाहणी संपेपर्यंत नऊ वाजून बारा मिनिटं झाली. हवामानाकडे वळावं तर जंबो नावाचं वर्गातलं सगळ्यात लहान पोरगं सतरंजीच्या मधोमध उभं राहिलं आणि शांतपणे म्हणालं, "झाली."

काय झाली, ते सतरंजीनं सांगितलं. हा थांबा भाऊसाहेबांनी वेळापत्रकात धरलेलाच नव्हता.

सतरंजी लाँड्रीत गेली. "शनिवारी," लाँड्रीवाला म्हणाला. आधी मिळेल का असं विचारल्यावर त्यानं असं पाहिलं, की भाऊसाहेबांनी शनिवारच मान्य केला.

संध्याकाळपर्यंत बातमी इमारतभर झाली होती. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर स्वतः खाली आले. "भाऊसाहेब, शिस्त! जागेला नंबर द्या. नंबर दिला की माणूस हलत नाही." ते गेले, तोवर पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले. ते हेडमास्तर जाईपर्यंत जिन्यात थांबले होते, कारण दोघांत दोन वर्षं बोलणं नव्हतं. हेडमास्तरांच्या न्हाणीघरातलं पाणी डॉक्टरांच्या छतातून गळत होतं, आणि दोघं एकमेकांशी फक्त लेखी बोलत. "गाणं म्हणायला लावा," डॉक्टर म्हणाले. "तोंड उघडं असलं की माणूस प्रश्न विचारू शकत नाही. रोजचा अनुभव आहे माझा."

भाऊसाहेबांना नंबरांची कल्पना पटली. मंगळवारी सकाळी त्यांनी गुडघे टेकून, कण्हत, खडूनं अठरा गोल काढले आणि आत आकडे घातले. पोरं आली. भाऊसाहेब म्हणाले, "प्रत्येकानं एका नंबरावर बसायचं."

चार नंबरावर नऊ पोरं बसली.

"अरे, एकावर एकच!"

"पण मी चार वर्षांची आहे," खालून तिसरी म्हणाली. वरचीही चार वर्षांची होती. सगळी नऊच्या नऊ चार वर्षांची होती, आणि आपापल्या वयाबद्दल त्यांची भूमिका ठाम होती. तिनावर पाच जणांचा ढीग झाला होता. अठरा नंबरावर मावशींनी एकाला नेऊन बसवलं, तर त्यानं भोकाड पसरलं. "मला एवढं म्हातारं नाही व्हायचं!" त्याचं बघून सतरावालाही रडला. सतरा म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हतं, पण ते अठराच्या शेजारी होतं एवढं त्याला कळत होतं.

त्या दिवशी मुलं घरी गेली ती पाठीमागून पांढरी होऊन. दोन आयांनी येऊन विचारलं, की वर्गात रंगकाम चालू आहे का.

"खाली काहीतरी अंथरा हो," मावशी म्हणाल्या. "थंड फरशीवर पोरं बसत नाहीत. तुम्ही तरी बसाल का?"

हॉलच्या कपाटात इमारतीची मोठी लाल सतरंजी होती. भाऊसाहेब सेक्रेटरीकडे गेले. सेक्रेटरी तरुण वकील होता, आणि त्याला भाऊसाहेबांबद्दल आदर इतका होता की तो उभा राहूनच नकार देत असे.

"देता येणार नाही, भाऊसाहेब. कलम सतरा. 'सतरंजी सभेव्यतिरिक्त कोणत्याही कामासाठी, कोणत्याही सबबीवर, कोणालाही देऊ नये.'"

"कोणत्या गाढवानं लिहिलंय हे?"

सेक्रेटरीनं नियमावली अदबीनं पुढे सरकवली. खाली सही होती: तत्कालीन सेक्रेटरी. सही वळणदार होती, शेवटी दोन टिंबं असलेली. भाऊसाहेबांनी ती लगेच ओळखली, कारण ते ती रोज करत. दहा वर्षांपूर्वी कोणीतरी त्या सतरंजीवर उशांचा कापूस पिंजला होता, त्या संतापात त्यांनी हे कलम एका बैठकीत लिहून काढलं होतं. 'कोणत्याही सबबीवर' हे शब्द लिहिताना आपल्याला फार आनंद झाला होता, हेही त्यांना स्मरलं.

"मी तुमच्या शब्दाबाहेर नाही," सेक्रेटरी म्हणाला. "तुमच्या शब्दाबाहेर जाता येत नाही, हीच अडचण आहे."

पण भाऊसाहेब कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "माझी मुलं गोल करून बसतात, चर्चा करतात. ही सभाच झाली."

वकिलाचे डोळे चमकले. "मग नोटीस लावावी लागेल. साध्या सभेला सात दिवस. तातडीच्या विशेष सभेला चोवीस तास. आणि इतिवृत्त लिहायला मला हजर राहावं लागेल."

मंगळवारी संध्याकाळी फलकावर नोटीस लागली. 'गुरुवारी सकाळी नऊ वाजता तळमजल्याच्या हॉलमध्ये तातडीची विशेष सभा. विषय: १. स्वागत. २. हवामान. ३. गाणे. ४. गोष्ट. ५. आयत्या वेळचे विषय.' सभासद कोण, हे लिहायचं राहून गेलं. म्हणजे भाऊसाहेबांना ते उघडच वाटलं होतं.

इमारतीला ते तसं वाटलं नाही. डॉक्टरांनी नोटीस दोनदा वाचली. 'हवामान' म्हणजे त्यांच्या घरातली ओल, हे त्यांना कळलं. इतक्या सभ्य शब्दात विषय घेतल्याबद्दल त्यांना समाधान वाटलं. हेडमास्तरांनी 'गोष्ट' या शब्दाखाली मनातल्या मनात लाल रेघ मारली. ती गोष्ट म्हणजे कोणती, हे न समजण्याइतके ते दुधखुळे नव्हते. चौथ्या मजल्यावर मोठ्यानं रेडिओ लावणाऱ्या आजी 'गाणे' वाचून मुकाट वर गेल्या आणि आपल्या बचावाची तयारी करू लागल्या.

बुधवारी भाऊसाहेबांकडे ना सतरंजी होती ना नंबर. वेळापत्रक होतं, पण त्याच्याकडे बघायची त्यांची इच्छा राहिली नव्हती. रात्रीच बाईंचा फोन आला होता. बहिणीच्या डोळ्याची पट्टी सुटली, सगळं छान आहे, तुमचं कसं चाललंय? "उत्तम," भाऊसाहेब म्हणाले होते, आणि त्यानंतर त्यांना जेवण गेलं नव्हतं. बारा वर्षं बाईंनी हा वर्ग उभा केला, आणि आपण तो चार दिवसांत, पट्टीनं रेघा मारून, बुडवणार.

"मावशी, तुम्हीच सांगा," ते म्हणाले. "काय करू?"

इतके दिवस या प्रश्नाची वाट बघत असल्यासारख्या मावशी लगेच म्हणाल्या, "आधी त्या खुर्चीवरून खाली उतरा."

भाऊसाहेब फरशीवर बसले. ही क्रिया एका वाक्यात लिहिली, पण तिला बराच वेळ आणि तीन टेकू लागले. आणि गंमत अशी, की ते खाली बसताच पोरं आपणहून त्यांच्याभोवती येऊन बसली. न सांगता गोल झाला. थोडा वाकडा होता, पण गोल होता.

"आता प्रत्येकाला विचारा, आज कसं वाटतंय," मावशी म्हणाल्या. "आणि उत्तर ऐका. घड्याळ बघू नका."

मग भाऊसाहेबांनी ऐकलं. एकाला छान वाटत होतं, कारण त्याच्या मोज्याला भोक पडलं होतं आणि त्यातून अंगठा दिसत होता. एकीला राग आला होता, कारण तिच्या बाळभावाला दात नसूनही तो चावतो. जंबोला आज अजून शू लागली नव्हती, हे त्यानं जाहीर केल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गोष्टीची वेळ झाली तेव्हा भाऊसाहेबांना एकच विषय सुचला. "एक बस होती. तिला कुठं जायचं, तेच माहीत नव्हतं."

"का?"

"कारण तिला कोणी विचारलंच नव्हतं."

बघता बघता गोलाची बस झाली. कोणी चाक झालं, कोणी दार, दोघं वायपर झाले आणि एकमेकांच्या नाकावर हात फिरवू लागले. भाऊसाहेब इंजिन होते. आपल्याला इंजिनाचा इतका हुबेहूब आवाज काढता येतो, हे त्यांना वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं. शेवटी त्यांना उठता येईना, तेव्हा अठरा जणांनी मिळून बसला धक्का मारला.

गुरुवार उजाडला. नियमाप्रमाणे लाल सतरंजी अंथरली गेली. नऊला पाच कमी असताना पर्यवेक्षिका आल्या. हातात फॉर्म, चेहरा कोरा. त्या भिंतीशी उभ्या राहिल्या. भाऊसाहेब पोरांमध्ये बसणार, तोच दार उघडलं आणि सेक्रेटरी इतिवृत्ताची वही घेऊन आत आला. त्याच्यामागून हेडमास्तर, काखेत फाइल. त्यामागून डॉक्टर, हातात डबा. डब्यात दोन महिन्यांत छतातून गळलेलं पाणी पुरावा म्हणून जमवलेलं होतं. मग चौथ्या मजल्यावरच्या आजी. मग आणखी सहा जण, ज्यांना काही म्हणायचं नव्हतं, पण दुसरे काय म्हणतात ते चुकवायचं नव्हतं.

भाऊसाहेबांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. "अहो, ही सभा तुमची नाही..." ते कुजबुजले.

"नोटीस आहे," सेक्रेटरी म्हणाला.

"इतके पालक!" पर्यवेक्षिका म्हणाल्या. फॉर्मवर 'पालकांचा सहभाग' असा रकाना होता, आणि तो गेली कित्येक वर्षं त्या मोकळाच ठेवत आल्या होत्या. "इतका सहभाग मी कुठंच पाहिला नाही."

आता त्यांना हाकलावं कसं? प्रश्न सोडवला का-ताईनं. "गोलात उभं राहायचं नसतं," ती हेडमास्तरांना म्हणाली. "बसा."

आयुष्यभर दुसऱ्यांना 'बसा' म्हणत आलेले हेडमास्तर बसले. त्यांच्या पलीकडे एकच जागा उरली होती. तिथं मावशींनी डॉक्टरांना हाताला धरून बसवलं. डबा जंबोनं मांडीवर घेतला.

मावशींनी खूण केली. भाऊसाहेब म्हणाले, "तर, आज कसं वाटतंय, ते सांगायचं."

पोरांनी भराभर सांगितलं. आजींनी सांगितलं, की त्यांना एकटं वाटतं म्हणून त्या रेडिओ मोठा लावतात. शेजारची मुलगी सरकून त्यांना चिकटून बसली. मग पाळी डॉक्टरांची आली.

"मला राग आलाय," डॉक्टर म्हणाले.

"का?" का-ताईनं विचारलं.

"माझ्या छतातून पाणी गळतं."

"का?"

"वरचे लोक नळ दुरुस्त करत नाहीत म्हणून."

"का?"

सगळा गोल हेडमास्तरांकडे वळला. हेडमास्तर लाल झाले. "मला कोणी नीट सांगितलं का? एकदम नोटीस पाठवली! वकिलाकरवी!"

सेक्रेटरीनं इतिवृत्तात मान खुपसली.

"का?" का-ताईनं डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. दोन वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. "सुचलं नाही," ते शेवटी म्हणाले.

"मग आता सांगा ना," जंबो म्हणाला.

डॉक्टर हेडमास्तरांकडे वळले. "तुमचा नळ गळतो हो, मास्तर."

"एवढंच ना?" हेडमास्तर पुटपुटले. "उद्या प्लंबर बोलावतो."

"आता गट्टी करा!" पोरं ओरडली. बहात्तर वर्षांच्या आणि पंचावन्न वर्षांच्या दोन बोटांची गट्टी झाली. इतिवृत्तात तिची 'एकमताने मंजूर' अशी नोंद आहे.

नंतर काय झालं ते भाऊसाहेबांना नीट सांगता येत नाही. बस सुटली एवढं खरं. मोठी माणसं मागची चाकं झाली. आजी हॉर्न झाल्या आणि त्यांचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत गेला. हेडमास्तर आणि डॉक्टर वायपर झाले. आणि या गोंधळात का-ताई भिंतीशी उभ्या पर्यवेक्षिकांपुढे जाऊन ठाकली. "तिकीट?"

पर्यवेक्षिकांकडे फॉर्मशिवाय काही नव्हतं. त्यांनी तो पुढे केला. का-ताईनं तो हातात घेतला, निरखला, आणि कोपरा तोंडात धरून दातांनी त्याला व्यवस्थित भोक पाडलं.

इंजिन बंद पडलं. कार्यालयाचा फॉर्म! त्यावर साधी खाडाखोड चालत नाही, आणि याला तर दात लागले होते. भाऊसाहेबांना बाईंची बारा वर्षं त्या भोकातून खाली जाताना दिसली.

पर्यवेक्षिकांनी फॉर्म उजेडात धरला. भोकातून पलीकडे बघितलं. मग पर्स खाली ठेवली, पदर खोचला आणि विचारलं, "कुठं बसू?"

"ड्रायव्हरमागे," का-ताई म्हणाली.

फॉर्मच्या तीन प्रती असतात, हे त्या दिवशी पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडलं. दुसऱ्या प्रतीवर त्यांनी मान्यता पुढे चालू ठेवली आणि शेऱ्यात लिहिलं, 'मुलांची बैठक उत्तम. मोठ्यांना अधिक सरावाची गरज आहे.'

बाई शुक्रवारी पहाटेच्या गाडीनं आल्या आणि घरी न जाता थेट वर्गात शिरल्या. त्यांना कुणी काही कळवलं नव्हतं. भाऊसाहेबांना ते समोरासमोर सांगायचं होतं. पण दारात त्यांच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. नवरा जमिनीवर बसला होता, एक पोर पाठीला टेकून, एक मांडीवर, आणि एका पोरीचं म्हणणं तो असं ऐकत होता की जगात दुसरं कामच नाही. तेहतीस वर्षांत या माणसाला कोणाचं बोलणं मध्ये न तोडता ऐकताना बाईंनी पाहिलं नव्हतं. स्वतःचं तर नाहीच नाही.

"बाई, आमचं चाललंय," एक मुलगी ओठांवर बोट ठेवून म्हणाली. बाई बॅग दाराशी ठेवून गोलाच्या कडेला बसल्या.

सगळ्यांच्या पाळ्या झाल्या. भाऊसाहेब गाण्याकडे वळणार, तोच पलीकडून आवाज आला.

"आणि तुम्हाला?" बाईंनी विचारलं. "तुम्हाला कसं वाटतंय?"

हा प्रश्न या आठवड्यात भाऊसाहेबांनी शंभर वेळा विचारला होता. त्यांना मात्र तो आज पहिल्यांदाच कोणीतरी विचारला होता. त्यांनी बाईंकडे बघितलं. सांगायला फार होतं: सतरंजी, कलम सतरा, गट्टी, फॉर्मचं भोक. त्यांनी चष्मा काढून पुसला. मावशी केळ्यांची परात घेऊन दारात खोळंबल्या. अठरा पोरं श्वास रोखून बघत होती.

"बरं वाटतंय," भाऊसाहेब म्हणाले.

"एवढंच?" का-ताई म्हणाली. "मग रडताय का?"